जाळ घालणाऱ्याची धाप: करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळाचं प्रकरण

रुग्ण करवीर तालुक्याच्या पश्चिम भागातला, वय पंचेचाळिशीच्या पुढे. मिसरूड फुटल्यापासून हंगामात गुऱ्हाळावर जाळ घालायचं काम, पावसाळ्यात दुसऱ्याच्या रानात मजुरी. चढ आला की धाप, पहाटे खोकल्याची ढास, पांढरट कफ. पावसाळ्यात जरा बरं वाटायचं आणि दिवाळी होऊन गुऱ्हाळ पेटलं की पुन्हा सुरू. गावात ‘दमा’ म्हणून गोळ्या मिळत होत्या, फारच कोंडलं तर इंजेक्शन. तेवढ्यापुरती छाती मोकळी व्हायची. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. आजार, काम आणि चुलवाण (गुऱ्हाळाची भट्टी) यांचा संबंध मात्र दिसला तसाच मांडतो आहे, कारण हे प्रकरण एका माणसाचं असलं तरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी गुऱ्हाळांवर तोच माणूस त्याच जागी बसलेला आहे.

त्यानं पहिल्याच भेटीत विचारलं, “डॉक्टर, विडीला कधी हात लावला न्हाई. मग ह्ये दुखणं माझ्याच वाट्याला का?”

आपल्या भागात इतके दिवस खोकला म्हटलं की आधी क्षयरोग बघायचा. थुंकीत काही सापडलं नाही, एक्स-रेमध्येही क्षयाच्या खुणा नव्हत्या. दुसरी शंका चिपाडाच्या बुरशीची. उसाचं चिपाड ओलं राहून कुजलं की त्यात उष्णतेत वाढणारे सूक्ष्मजीव पोसतात, आणि तशी धूळ नाकात गेली की काही तासांत ताप, कणकण, कोरडा खोकला येतो. याला बगॅसोसिस म्हणतात. पण याला ताप कधीच आला नव्हता आणि गुऱ्हाळावर जळतं ते त्याच हंगामातलं, उन्हात पसरून वाळवलेलं चिपाड. मग फुंकून बघायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री केली. श्वासनळ्या सैल करणारं औषध दिल्यावरही पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा एकूण हवेच्या ०.७० पटीपेक्षा कमी भरली. दम्यात औषधानंतर हा आकडा बहुधा सावरतो, इथे सावरला नाही. निदान सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होत जाण्याचा फुप्फुसाचा आजार, मध्यम तीव्रतेचा.

सीओपीडी म्हणजे सिगारेटवाल्यांचा आजार हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे, दवाखान्यांतसुद्धा. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या समजाला आकड्यांनी उत्तर दिलं होतं. जगात धूम्रपान करणारे साधारण शंभर कोटी, तर लाकूड, शेणी, पाचट यांचा धूर रोज घेणारे सुमारे तीनशे कोटी. पुढे २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’नं भारताचा हिशेब छापला. देशातले सीओपीडीचे रुग्ण १९९० मध्ये २.८१ कोटी होते, ते २०१६ मध्ये ५.५३ कोटी झाले. या आजारानं घेतलेल्या निरोगी आयुष्यातला ५३.७ टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा, घरातल्या आणि बाहेरच्या मिळून. तंबाखूचा २५.४ टक्के. २०२३ पासून तर आंतरराष्ट्रीय ‘गोल्ड’ मार्गदर्शिकेत जैवइंधनाच्या धुरानं आणि प्रदूषणानं होणाऱ्या सीओपीडीला स्वतंत्र गट दिला आहे. आमच्या रुग्णाचं नाव त्याच गटात लिहायला हवं. एवढी वर्षं त्याच्या केसपेपरवर ‘धूम्रपान: नाही’ असं लिहून पुढचा रकाना कोरा राहत होता.

तो बसतो कुठे

औषध लिहून देण्याआधी त्याच्या कामाची जागा बघणं भाग होतं, म्हणून हंगाम चालू असताना गुऱ्हाळावर गेलो.

ज्यांनी गुऱ्हाळ फक्त ताजी काकवी खायला बघितलंय त्यांना घाणा, काहील आणि वाफा आठवतो. घाण्यातून रस येतो, मोठ्या काहिलीत उकळतो, भेंडीचा चीक घालून मळी वर काढतात आणि गुळव्या थेंब पाण्यात टाकून चाचणी बघतो. काहील उतरली की गूळ थंड व्हायला वाफ्यात ओततात. सगळ्यांचं लक्ष काहिलीकडे. जाळ घालणारा मात्र काहिलीच्या पातळीच्या खाली, चुलवाणाच्या तोंडासमोर खड्ड्यात बसलेला असतो. शेजारी चिपाडाचा ढीग. कवेत मावेल तेवढं चिपाड तोंडात ढकलायचं, काठीनं आत सारायचं, राख ओढायची. एक आदण, म्हणजे एका काहिलीचा रस, उतरायला अडीच-तीन तास लागतात, आणि एक उतरलं की दुसरं चढतं. चिमणी चुलवाणाच्या मागच्या टोकाला असते. जाळ नीट ओढ घेत असेल तर धूर तिकडे जातो. ओढ कमी पडली की तोच धूर पुढच्या तोंडातून उलटा येतो आणि पहिल्यांदा याच माणसाच्या तोंडावर.

तिथे उभं राहून मी एवढंच बघत होतो की धूर नेमका केव्हा उलटतो. तीन वेळा उलटतो. नवं आदण चढल्यावर जाळ वाढवायची घाई असते तेव्हा, चिपाड दमट असतं तेव्हा, आणि एकदम मोठी कव आत ढकलली की. भरपूर चिपाड एका वेळी आत गेलं की ते आधी तापतं, त्यातून वायू सुटतो, पण तो जळायला पुरेशी हवा आत नसते. चिमणीतून काळा लोट निघतो आणि तोंडातूनही बाहेर येतो. दोन-तीन मिनिटांनी जाळ धरतो, धूर पातळ होतो. तोवर पुढची कव तयार. सकाळी दवाचं चिपाड पेटेना झालं की टायरचा तुकडा टाकायची पद्धतही तिथे होती. त्या धुराबद्दल वेगळं काही लिहायची गरज नाही.

घरचा हिशेब पुढच्या भेटीत उलगडला. त्याची बायको सोबत आली होती. ती गुऱ्हाळावर चिपाडं पसरायला जाते. घरात गॅस आहे, चहा आणि भाजी गॅसवर. भाकरी चुलीवर, आंघोळीचं पाणीही चुलीवर, कारण सिलिंडर पुरवून वापरायचा. “गॅस हाय की, पर पान्याला कोन जाळंल?” म्हणजे दिवसभर गुऱ्हाळाचा धूर आणि घरी आल्यावर पहाटे-संध्याकाळी चुलीचा. तिलाही फुंकायला लावलं. तिची फुप्फुसं अजून बरी आहेत.

संशोधन काय सांगतं आणि कुठे थांबतं

धूर कमी केला तर आजार थांबेल का, या प्रश्नावर गेल्या दहा-बारा वर्षांत मोठी कामं झाली आणि त्यांची उत्तरं एकसारखी नाहीत. आफ्रिकेतल्या मलावीमध्ये दहा हजारांहून जास्त मुलांच्या घरी पंख्याच्या, कमी धुराच्या चुली दिल्या. निकाल २०१७ मध्ये आले: न्यूमोनियात फरक नाही. चूल सुधारली तरी घरातला दिवा, शेजारची चूल, जाळलेला कचरा तसाच होता. त्याच्या पुढची पायरी म्हणून हॅपिन नावाच्या चाचणीत भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या ३,२०० गरोदर महिला घेतल्या. निम्म्या घरांना गॅसची शेगडी आणि दीड वर्षं फुकट गॅस. भारतातली घरं तमिळनाडूतली होती. महिलांच्या श्वासात जाणारे बारीक कण, म्हणजे पीएम २.५, चुलीवाल्या घरांत घनमीटरमागे ७० मायक्रोग्रॅमच्या आसपास होते, तर गॅसवाल्या घरांत २४ च्या आसपास. एवढी घट झाली, तरी २०२२ मध्ये छापलेल्या निकालात बाळांच्या वजनात ठोस फरक दिसला नाही, आणि २०२४ मध्ये न्यूमोनियाच्या बाबतीतही तेच.

हे निकाल वाचून ‘मग गॅस देऊन काय उपयोग’ असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत. तो निष्कर्ष मला मान्य नाही. त्या चाचण्या गर्भ आणि लहान मुलांवर होत्या आणि मुदत दीड-दोन वर्षांची. मोठ्या माणसाचं फुप्फुस वेगळ्या गतीनं झिजतं आणि त्याचा पुरावा दुसऱ्या ठिकाणी आहे. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात खेड्यातल्या साडेनऊशेहून जास्त लोकांना नऊ वर्षं पाहिलं. कुणी बायोगॅस घेतला, कुणी स्वयंपाकघरात हवा खेळती केली, कुणी दोन्ही, कुणी काहीच नाही. ज्यांनी दोन्ही केलं त्यांची फुप्फुसाची क्षमता काहीच न बदललेल्यांपेक्षा वर्षाला सुमारे १६ मिलिलिटरनं कमी घटली. फक्त हवा खेळती करणाऱ्यांनाही फायदा झाला. हे निकाल २०१४ चे. ज्याला जे हवं ते त्यानं निवडलं होतं, चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, त्यामुळे पुरावा थोडा सैल आहे. पण गुऱ्हाळावरच्या माणसाला तोच सगळ्यात जवळचा. त्याच वर्षी मेक्सिकोतून आलेल्या दीर्घ पाहणीत धुरामुळे सीओपीडी झालेल्यांची क्षमता वर्षाला सरासरी २३ मिलिलिटरनं घटत होती, सिगारेटवाल्यांची ४२ नं. म्हणजे हा आजार सावकाश पुढे सरकतो. सावकाश सरकतो म्हणून दुर्लक्षित राहतो, आणि म्हणूनच मध्ये हात घालायला वेळही मिळतो.

हे सगळं संशोधन घरातल्या चुलीवरचं आहे. गुऱ्हाळाच्या चुलवाणावर जे काम झालं ते अभियंत्यांनी केलं आणि त्यांनी मोजलं ते जळण. आयआयटी मुंबईच्या गटानं २०१० मध्ये चार काहिलींच्या चुलवाणाचा ताळेबंद मांडला. चिपाडातून निघणाऱ्या उष्णतेपैकी गुळाला खरी गरज फक्त २९ टक्क्यांची, बाकीची मुख्यतः चिमणीवाटे आणि भिंतीतून जाते. त्यांनी चुलवाण मोडलं नाही. चिमणीतल्या वायूत प्राणवायू किती उरतो ते बघून चिपाड किती आणि कधी टाकायचं हे ठरवलं. एक किलो गुळाला २.३९ किलो चिपाड लागत होतं ते १.७३ किलोवर आलं. त्याच वर्षी लखनौच्या ऊस संशोधन संस्थेतल्या एस. आय. अन्वर यांनी काहिलीच्या बुडाला धातूच्या पट्ट्या जोडून जळणात ३१ टक्के बचत दाखवली.

हे दोन निबंध मी एका डॉक्टरच्या नजरेनं वाचले आणि पहिला पुन्हा पुन्हा वाचला. काळा धूर म्हणजे न जळलेलं चिपाड. ते वाचलं तर मालकाचं जळण वाचतं, आणि तेच जाळ घालणाऱ्याच्या छातीत जायचंही वाचतं. म्हणजे आयआयटीनं जो बदल केला तो नेमका माझ्या रुग्णाच्या हातातला बदल होता.

पण जळणाची बचत आणि धुरापासून सुटका या दोन गोष्टी आपोआप जोडीनं येत नाहीत. साधं चुलवाण चिमणीतल्या गरम हवेच्या ओढीवर चालतं. काहिलीनं जास्त उष्णता शोषली तर चिमणीत जाणारा वायू थंड होतो आणि ओढ मंदावते. चिमणी पुरेशी उंच नसेल, तिला भेगा असतील, तर जळण वाचेल आणि धूर पुढच्या तोंडातून बाहेर येईल. कागदावर कार्यक्षमता वाढलेली असेल आणि खड्ड्यातल्या माणसाचं नुकसान झालेलं असेल. पट्ट्यांची काहील बसवायची तर आधी चिमणी बघा, हे मी त्या मालकांना सगळ्यात आधी सांगितलं.

यात मला एक गोष्ट फार सलते. हेच चिपाड साखर कारखान्यात गेलं की त्याला बगॅस म्हणतात, त्यावर वीज होते आणि ती अपारंपरिक, स्वच्छ ऊर्जेत मोजली जाते. तिथे हवा ढकलायला आणि धूर ओढायला पंखे असतात, राख पकडायची यंत्रणा असते, जाळासमोर माणूस नसतो. ऊस एकच आणि जळणही एकच. ऊर्जा स्वच्छ की घाण हे इंधनावर ठरत नाही, ते कसं जाळलं आणि जाळणारा कुठे बसला यावर ठरतं. गुऱ्हाळात घाणा बैलांवरून इंजिनावर आणि इंजिनावरून विजेच्या मोटारीवर आला. चुलवाण तसंच राहिलं.

मग विजेवरच गूळ का करू नये? गणित करून पाहिलं. वरच्या २९ टक्क्यांचाच हिशेब घेतला तर किलोभर गुळाला सुमारे ११ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे ढोबळमानाने तीन युनिट वीज. गुऱ्हाळाला फुकट पडणारं चिपाड सोडून कोण ती वीज विकत घेईल? रसातलं पाणी आधी गोठवून काढायचा मार्ग आयआयटीत अभ्यासला गेला आहे. वाफेवरचे प्लांटही आहेत, पण ते मोठ्या भांडवलाचं काम. या गुऱ्हाळापुरती निवड तरी चिपाड चांगलं जाळायचं की वाईट, एवढीच होती.

काय बदललं

औषधाचा भाग थोडक्यात. दीर्घकाळ परिणाम करणारं इनहेलर रोज, ओढायची पद्धत दर भेटीला समोर करून दाखवायला लावणं, फ्लू आणि न्यूमोकॉकसची लस, श्वासाचे व्यायाम. नुसत्या गोळ्या आणि इंजेक्शनं बंद. इनहेलरची सवय लागते या भीतीवर बराच वेळ गेला आणि तो द्यायलाच हवा होता.

गुऱ्हाळावरचा भाग जास्त अवघड होता. मालक वाईट नाहीत. गुळाचे दर, मजुरांची टंचाई, कारखान्याकडे वळणारा ऊस, या सगळ्यात ते स्वतःच ओढगस्तीत आहेत. त्यांच्यापुढे छातीचा विषय काढला तेव्हा ते ऐकून गप्प राहिले. जळणाचा विषय काढला, उरलेलं चिपाड विकता येईल म्हटलं, तेव्हा ते खुर्ची ओढून बसले. यात मला काही गैर वाटत नाही. दोघांचं हित एका ठिकाणी येत असेल तर तिथूनच सुरुवात करावी.

ओळखीच्या एका बॉयलर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना घेऊन चुलवाण पाहिलं. चिमणीच्या बुडाच्या भेगा लिंपल्या आणि उंची वाढवली. तोंडाला लोखंडी झडप बसवली, म्हणजे कव टाकली की तोंड झाकतं आणि हवा खालच्या जाळीतून जाते. खड्ड्याच्या मागची पत्र्याची भिंत काढून वारा खेळता केला. चिपाडावर रात्री ताडपत्री घालायची, टायर बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठी कव न टाकता लहान लहान, थोड्या थोड्या वेळानं टाकायची. प्राणवायू मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. चिमणीच्या टोकाकडे बघून जाळ घालायचा हा नियम ठरला: काळा लोट दिसला की हात थांबवायचा.

यावर माझ्या रुग्णाचं म्हणणं होतं, “बारकी कव म्हंजी दुप्पट येळा हात घालायचा. बसाय मिळंल का?” त्याचं खरं आहे. जी सुधारणा यंत्रानं व्हायला हवी ती आम्ही त्याच्या मेहनतीतून काढत होतो. शेवटी दोन माणसं आलटून पालटून जाळ घालतील असं ठरलं. त्याला घाण्यावर ऊस लावायचं काम द्यावं असं मी सुचवलं होतं. त्याला ते नको होतं. जाळ घालणं हे कसबाचं काम आहे, त्याला मजुरी जास्त आणि मानही. आजारी माणसाला सुरक्षित जागी हलवा हा सल्ला पुस्तकात बरोबर आहे, पण त्यानं त्याची मजुरी घटते आणि त्याच्या जागी दुसरी निरोगी छाती येऊन बसते. पाळी लावण्याचा मार्ग मला त्यातल्या त्यात न्याय्य वाटला.

त्या हंगामात धाप कमी झाली, पहाटेची ढास बरीच उतरली, इंजेक्शन घ्यायची वेळ आली नाही. स्पायरोमेट्रीचे आकडे सुधारले नाहीत आणि ते सुधारतील अशी आशा मी त्याला दिलेली नव्हती. गेलेली क्षमता परत येत नाही. पुढची घट मंदावली का हे कळायला काही वर्षं जावी लागतील. शिवाय बरं वाटणं इनहेलरमुळे किती आणि चुलवाणामुळे किती, हे एका माणसावरून वेगळं काढता येत नाही. मालक म्हणतात जळण उरतंय. मी ते वजन करून पाहिलेलं नाही, म्हणून आकडा देत नाही. घरच्या चुलीवर भाकरी चालूच आहे. पाणी तापवायची चूल मात्र त्यांनी पडवीतून अंगणात नेली.

कायद्याची बाजूही पाहिली. २०२५ पर्यंत लागू असलेल्या, कर्मचारी राज्य विम्याच्या १९४८ च्या कायद्यात हंगामी कारखान्यांना वगळलं होतं आणि त्या यादीत साखरेबरोबर गुळाचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणजे हंगामातले चार-पाच महिने धूर घेणाऱ्या माणसाला, काम हंगामी आहे एवढ्याच कारणानं, त्या विम्याचं दार बंद. त्याची फुप्फुसं मात्र बारा महिने त्याच्याजवळ असतात. कोल्हापुरात प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, छत्रपती प्रमिलाराजे म्हणजे सीपीआरसारखं मोठं सरकारी रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. गुळाचं जळण आणि जाळ घालणाऱ्याचं फुप्फुस एकाच अभ्यासात, एकाच गुऱ्हाळावर, चार-पाच हंगाम मोजायला लागणारं सगळं या एका शहरात आहे.

पुढच्या हंगामासाठी एवढं ठरलं आहे. दसऱ्याच्या आधी त्या गुऱ्हाळावरचे सगळे कामगार आणि चिपाडं पसरणाऱ्या बायका, सगळ्यांची स्पायरोमेट्री. हंगाम संपल्यावर पुन्हा एकदा. जाळ घालायच्या जागी पीएम २.५ मोजणारा छोटा मीटर, झडप उघडी असताना आणि बंद असताना. चिपाडाचं वजन दर आदणाला वहीत. ही वही मालकांची मुलगी ठेवणार आहे. शेजारच्या गावातल्या एका गुऱ्हाळमालकांनी चिमणीचं माप नेलं आहे. त्यांच्या चुलवाणात काही बदलण्याआधीची मोजणी मिळाली तर तुलनेला जागा होईल, म्हणून दिवाळीच्या आत तिकडे जायचं आहे.